सुतळीच्या गाठीवरचा ओटा

"घर मिस्त्री बांधते, पण सैपाकखोली नवऱ्यानंच बांधा लागते!" असं पूनमसिंग फुलसावंगीजवळच्या आपल्या तांड्यात उठता-बसता सांगत असे. विहीर कुठे खणावी, जावयाला काय कपडे करावेत, बैल कधी विकावा, या सर्व बाबतींत सल्ला देण्याचं खातं त्याच्याकडे होतं. त्याच्याकडे ते कोणी सोपवलं नव्हतं, त्यानंच उचललं होतं.

तेव्हा नव्या घराचं बाकी सगळं त्यानं संजय मिस्त्रीवर सोडलं आणि ओटा स्वतःच्या हाती ठेवला. कारण रामीबाई. छत्तीस वर्षं तिनं जमिनीवर बसून भाकरी थापल्या होत्या. आता उठताना तिचे गुडघे असे वाजत, की अंगणातली कोंबडी दचकावी. तिला उभ्यानं, आरामात स्वयंपाक करता यावा, एवढाच त्याचा हट्ट होता.

"टेपानं बत्तीस इंच घेतो," संजय म्हणाला.

"टेपाचं माप टेपातल्या बाईचं! आमची रामी साडेचार फुटाची हाये. मी सुतळीवर गाठ मारून देतो, तेच्यावर ओटा!"

आता बायकोला नकळत बायकोचं माप घ्यायचं होतं. पूनमसिंग सुतळी घेऊन तिच्या पायाशी बसला.

"काय करून राह्यले जी?" रामीबाईनं विचारलं.

"परकराचं माप घेऊन राह्यलो."

"छत्तीस वर्सांत एक परकर आणला नाही, आन् आज माप?"

"म्हणूनच तं! चुकाले नको!"

कमरेशी गाठ पडली. सुतळी खुंटीला लटकली. पूनमसिंग संजयला ती दाखवून, चार दिवस भाच्याच्या लग्नाला पांढरकवड्याला गेला.

परत येऊन त्यानं ओट्यावरच्या खिडकीतून आत पाहिलं, तेव्हा ओट्यावर काळा कडप्पा चकाकत होता आणि त्यामागे रामीबाई उभी होती. म्हणजे उभी असावी. बँकेच्या खिडकीपाशी निराधारची पेन्शन घ्यायला आलेल्या म्हातारीसारखं तिचं नुसतं डोकं आणि खांदे दिसत होते.

"संजय!!" पूनमसिंग ओरडला.

संजयनं शांतपणे सुतळी लावली. गाठ कडप्प्याला बरोबर टेकली. "सुतळी तुमची, गाठ तुमची, भाऊ."

"सुतळी वाढली असन!"

"सुतळी हाये, वाढाले वेल थोडीच हाये? ओटा तोडू का?"

पूनमसिंगनं रामीबाईकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. रडायलाच गेली असणार! सोमवारी गृहप्रवेश. अख्खा तांडा येणार, आणि त्याची बायको स्वतःच्याच ओट्यावरून डोकावत उभी राहणार!

आणि याच क्षणी त्याला ती कल्पना सुचली.

"कडप्पा कायले फोडतं? ओटा खाली येत नसन, तं जमीन वर घे!"

संजयनं आजवर अनेक गिऱ्हाइकं पाहिली होती. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरभर मुरूम आला. अर्धा खिडकीबाहेर ढीग करून ठेवला, अर्धा खोलीत पडला. वीतभर भराव झाला. "दारामागं बी ठोक! दार लावून घे!" पूनमसिंगनं हुकूम सोडला. संजयनं दार लावलं, पाणी मारलं, धुम्मसानं मुरूम ठोकठोक ठोकला. मग दोघांनी घाम पुसला आणि बाहेर जायला दार ओढलं.

दार आत उघडणारं होतं. मुरूम त्याच्या आड वीतभर, पक्का.

"भाऊ," संजय म्हणाला, "आपण आपल्यालेच चिनून घेतलं."

हाका ऐकून रामीबाई आली. खिडकीला अजून गज लागायचे होते. बाहेरच्या ढिगावर चढून तिनं आत पाहिलं. दोन घामाघूम माणसं, एक धुम्मस.

"हे काय करून ठेवलं?"

"तुह्यासाठीच केलं वं! ओटा उंच झाला ना! माप चुकलं माह्यं."

"माप नाही चुकलं. गाठ मी सरकवली."

संजयनं हळूच हातातलं धुम्मस खाली ठेवलं. साक्षीदार म्हणून आपलं नाव निघू नये, असा त्याचा चेहरा झाला.

"काहून?" पूनमसिंगनं विचारलं.

"परकराचं माप घेनाऱ्याच्या कानावर मिस्त्रीची पेन्सिल असते का? मी समजली. मंग तुमी दुपारी बाजीवर घोरत होते, तवा टाचेपासून कमरेवरी तुमालेच मोजलं."

"मले?"

"माह्ये गुडघे गेले तवापासून सकायचा चा कोन करते? वाकून गॅस पेटवता आन् रोज आईच्या नावानं 'याडी ये' म्हणून कंबर धरता. मी आंथरुनात झोपल्याचं सोंग करते, तरी आयकू येते ना!"

पूनमसिंगनं नकळत कमरेवर गेलेला हात मागे घेतला. तांड्याच्या सल्लागाराचंच कोणी माप घेण्याची ही पहिलीच वेळ होती. "अन् मंग पदर तोंडाले लावून गेली, ते?"

"हसू येत होतं."

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. ढिगावर उभी असलेली रामीबाई खिडकीतून ओट्यावर हात टेकून बोलत होती. ओटा तिला अगदी कमरेशी! आणि भरावामुळे त्याला मात्र ओट्यावर वाकावं लागत होतं, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर होते.

"संजय, दाराकडचा मुरूम काढ. खिडकीकडचा राहू दे!"

"ते मी कालच सांगणार होतो," संजय म्हणाला आणि कुदळ आणायला खिडकीतून बाहेर पडला.

सोमवारी तांडा जेवून गेला. आता सकाळी ओट्याच्या दाराकडच्या टोकाला, खाली, पूनमसिंग चहा करतो. खिडकीकडे, वीतभर वर, रामीबाई भाकरी थापते. दोघांचे खांदे एका रेषेत आले आहेत, त्यामुळे भांडण समोरासमोर होतं.

बाहेरचा ढीग उचलायचा मात्र राहून गेला. त्यावर चढून घरची धोळी, म्हणजे पांढरी शेळी, रोज खिडकीतून मान घालते आणि पहिली भाकरी बिनचूक उचलते. घरात सगळ्यात अचूक माप तिचंच निघालं. ते कोणी घेतलं होतं, हे पूनमसिंग रामीबाईला विचारत नाही.