सव्वाशे किलोंचे चष्मेवाले

दिवसभर दुकानात बसून लोकांना चष्म्याचं महत्त्व पटवून देणारे चष्मेवाले घरी आले, की आधी स्वतःचा चष्मा काढून फ्रिजवर ठेवायचे. चष्म्यात आपण म्हातारे दिसतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. चष्मा काढला की ते म्हातारे दिसत नसत. निदान त्यांना स्वतःला तरी.

काचांचं खोकं उचलताना त्यांची कंबर धरली, तेव्हा बायकोच्या भावाने त्यांना एक लोखंडी दांडा आणि चार चकत्या आणून दिल्या.

"भाऊजी, सगळं मिळून साडेबारा किलो. रोज अंगणात पाच वेळा उचलायचं आणि या अ‍ॅपमध्ये आकडा टाकायचा. गावातले सातशे लोक आहेत यात, 'पोलादी परिवार' म्हणतात स्वतःला. एकमेकांना धीर देतात."

पहिल्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी दांडा पाच वेळा उचलला, घाम पुसला आणि फोन नाकाजवळ धरून आकडा टाकला. एक, दोन, टिंब, पाच. टिंब आपण दाबलं अशी त्यांची खात्री होती. मिनिटभरात फोन टिंगटिंग वाजायला लागला.

'सव्वाशे किलो! पहिल्याच दिवशी! दादा, इतके दिवस होतात कुठे?'

चष्मेवाल्यांनी धावत जाऊन चष्मा लावला, आकडा पाहिला आणि ते खोडायचं बटण शोधू लागले. आकडा खोडायची सोय अ‍ॅपमध्ये नव्हती. एकदा गाळलेला घाम पुसता येत नाही, असं काहीतरी तिथे लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावून, टिंबासकट, खरा आकडा टाकला. त्याबरोबर सातशे फोनांवर लाल अक्षरं झळकली: 'या सदस्याची ताकद एका दिवसात नव्वद टक्क्यांनी घटली आहे. त्यांना आधाराची गरज आहे.'

आणि परिवाराने आधार दिला. अर्ध्या तासात दारात निवृत्त पोस्टमन उभे. गावातला एकूण एक पत्ता त्यांना पाठ होता. त्यांच्या हातात सूपचं भांडं होतं, मागे पाव घेऊन बेकरीवाल्या बाई आणि त्यांच्या मागे आणखी चौदा माणसं. चष्मेवाले केळं खात बसले होते.

"अर्धांगवायू का हो?" पोस्टमननी बायकोला हळूच विचारलं.

"छे हो," बायको म्हणाली, "हे पहिल्यापासून असेच आहेत."

चष्मेवाले खरं सांगायला तोंड उघडणार, इतक्यात बेकरीवाल्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "दादा, खांदे दुखतात म्हणून मी बेकरी बंद करायला निघाले होते. काल तुमचा आकडा पाहिला आणि मनात म्हटलं, चष्म्याच्या दुकानातला माणूस एवढं उचलतो, तर मला काय धाड भरलीय? आज पहिल्यांदा दांडा हातात घेतला. आता तुम्हीच खचलात तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

चष्मेवाल्यांनी केळ्याचा उरलेला घास गिळला. "जरा चक्कर आली होती," ते म्हणाले. "उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निमूटपणे सव्वाशे लिहिले. पुढच्या आठवड्यात अ‍ॅपने आणखी थोडं वाढवायला सांगितलं, तेही लिहिलं. अंगणात तेच साडेबारा किलो वर-खाली होत राहिले आणि फोनमध्ये चष्मेवाले फुगत चालले.

हळूहळू लोक सल्ले विचारू लागले. चष्मेवाल्यांना विचारायची एकच पद्धत ठाऊक होती, दुकानातली. कुणी म्हणालं गुडघा दुखतो, की ते विचारायचे, "वाकवल्यावर बरं वाटतं, की सरळ ठेवल्यावर? आणि आता? आधी बरं होतं, की आता?" इतक्या आस्थेने त्या लोकांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. निम्मं दुखणं तिथेच पळायचं. बेकरीवाल्या बाई तर रोज खांद्याची खबर द्यायच्या आणि रोज विचारायच्या, "मग वाढवू का दादा?"

"सोसत असेल तर वाढवा," चष्मेवाले म्हणायचे. त्यांच्या खिशातून काय जात होतं?

सहाव्या महिन्यात बाईंचा फोन आला. "दादा, पीठ मळायचं नवं यंत्र आलंय. दारात टाकून गेले मेले. ते मागच्या खोलीत न्यायचंय. दीडशे किलोचंच आहे, तुमच्या डाव्या हातचा मळ!"

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही म्हणायचं तरी कसं? त्यांनी बेकरीत जाऊन जाहीर केलं, "मला एकाग्रता लागते. तुम्ही जरा रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या." बाई गेल्या. बायको पुढच्या दारात पहाऱ्याला उभी राहिली आणि मागच्या दाराने चार हमाल आत आले. बाई परतल्या, तेव्हा यंत्र जागेवर होतं आणि शेजारी चष्मेवाले एकटेच, भीतीने घामाघूम. बाईंनी यंत्राचा फोटो काढून परिवाराला पाठवला. त्या दिवसापासून पोस्टमन रस्त्यात दिसले, की सायकलवरून उतरून त्यांना नमस्कार करू लागले.

बघता बघता वर्ष झालं. परिवाराने वर्षभराच्या प्रगतीचा मेळावा ठरवला. शाळेचं सभागृह, रविवारी सकाळी दहा वाजता. कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ होती: 'दादा एकशे ऐंशी किलो उचलून दाखवतील.'

"आता तरी खरं सांगून टाका," बायको म्हणाली.

"सांगतो."

आणि खरोखरच त्यांनी सांगितलं. व्यासपीठावर ध्वनिक्षेपक हातात घेऊन ते म्हणाले, "मंडळी, मी फक्त साडेबारा किलो उचलतो."

सभागृह खो खो हसलं. "करंगळीने!" मागून कुणीतरी ओरडलं. "याला म्हणतात विनय!" म्हणत पोस्टमननी डोळे टिपले. तोवर सहा जणांनी कण्हत-कुंथत दांडा आणून त्यांच्या पायाशी ठेवला.

आता इलाज नव्हता. चष्मेवाले वाकले. दांडा धरला. डोळे मिटून, होतं नव्हतं ते बळ लावलं. दांडा तसूभरही हलला नाही. फक्त मागे पँटची शिवण टर्रकन उसवली.

"माझं टिंब राहिलं हो," चष्मेवाले रडवेले होऊन म्हणाले. आणि मग तिथेच, दोन्ही हात पाठीमागे धरून, त्यांनी सगळं सांगितलं. फ्रिजवरचा चष्मा, लाल अक्षरं, चार हमाल, सगळं.

सभागृहातल्या माना एकमेकांकडे वळल्या.

"आणि माझं सूप?" पोस्टमन दुखावल्या आवाजात म्हणाले.

"छान होतं," चष्मेवाले म्हणाले.

बेकरीवाल्या बाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि वर आल्या. चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. सगळ्यांच्या शिव्या त्यांनी सोसल्या असत्या, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

"यंत्र हमालांनी नेलं?" बाईंनी विचारलं.

"हो. चौघांनी."

"चौघांनी?" बाई विचारात पडल्या. "म्हणजे ते जड आहे?"

"दीडशे किलो म्हणजे जडच हो, बाई."

"अहो, पण मी रोज उचलते की ते! खालची फरशी पुसायला. मला वाटायचं, दादांनी एकट्याने ठेवलं, म्हणजे फार काही जड नसणार."

असं म्हणून, कुणी अडवायच्या आत, बाई वाकल्या आणि त्यांनी तो एकशे ऐंशी किलोंचा दांडा उचलला. मांडीपर्यंत आणला, क्षणभर धरला आणि पाळण्यात मूल ठेवावं तसा अलगद खाली ठेवला. पोस्टमन खुर्चीवरून घसरले. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यात चष्मेवाल्यांनी शिवण विसरून दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या.

"तुम्ही लबाडी केलीत," बाई त्यांना म्हणाल्या, "पण वर्षभर माझ्या खांद्यांची रोज चौकशी केलीत ती तुम्हीच. उद्या सकाळी सात वाजता येते. पहिल्यापासून शिकवते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी बरोब्बर सातला बेल वाजली. चष्मेवाल्यांनी चादर डोक्यावरून ओढली. "सांग त्यांना, मी घरी नाही," ते आतून म्हणाले. बायको बाईंना वाटेला लावायला खाली गेली.

पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, अर्धा तास झाला. बायको काही वर येईना. शेवटी चष्मेवाल्यांनी चष्मा लावून हळूच खिडकीतून डोकावलं. अंगणात बायको पाय रोवून उभी होती, पाठ ताठ, चेहरा लालबुंद, हातात दांडा. बाई कमरेवर हात ठेवून मोजत होत्या, "अकरा... बारा... वा!"

"अहो," बायकोने मान न वळवता हाक मारली, "उठलाच आहात तर खाली या. बाईंनी जास्तीच्या चकत्या आणल्यात, त्या लावायच्या आहेत. माझे हात काही मोकळे नाहीत."