साहेबांचे आजोबा

दर सोमवारी साहेब घरी भाजलेला पाव ऑफिसात आणत, आणि तो चावून होईपर्यंत पाणीपुरवठा कचेरीचं काम थांबत असे. नळाच्या तक्रारी घेऊन आलेली माणसं खिडकीशी ताटकळत उभी असत आणि आत कर्मचारी गाल फुगवून बसलेले असत. त्यांना बोलता येत नसे. एरवी येत असूनही ते बोलत नसत, त्यामुळे बाहेरच्यांना फरक कळत नसे.

साहेब दातेरी सुरीने पाव कापत आणि कापताकापता भाषण करत. "सुपरमार्केटचा पाव म्हणजे भिजवलेला कापूस. त्यात जीव नाही. याला दोन दिवस लागतात."

चावायलाही जवळपास तेवढेच लागत. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

सगळ्यांत जोरात मान डोलावायचा तो जावक कारकून. हेडक्लार्क निवृत्त होणार होते आणि त्यांची पंख्याखालची खुर्ची त्याला हवी होती. आयुष्यभर पाकिटं चाटून त्याच्या जिभेची चव गेली होती, त्यामुळे साहेबांचा पाव खाण्याची पात्रता त्याच्या अंगी इतरांपेक्षा जास्तच होती. "आमच्या घरीही फार आवडतो," म्हणत तो उरलेले तुकडे घेऊन जाई. घरी बायकोने त्यातला एक डुगडुगणाऱ्या कपाटाखाली सरकवला होता. कपाट तेव्हापासून हललं नव्हतं. खायला मात्र सुपरमार्केटचा कापूसच असे.

एकट्या टायपिस्टबाई पावाला हात लावत नसत. "नको, साहेब. दगड आहे तो. दात माझे आहेत," असं म्हणून त्या पर्समधून सुपरमार्केटच्या पावाचं सँडविच काढत आणि सगळ्यांदेखत खात. हेडक्लार्कच्या खुर्चीवर खरा हक्क बाईंचा होता. पण या वागण्याने त्यांनी तो स्वतःच्या हाताने घालवला, असं ऑफिसात सर्वानुमते ठरलं होतं.

अशात साहेबांना आठवड्याभराच्या प्रशिक्षणाला जायचं आलं. त्यांनी जावक कारकुनाला केबिनमध्ये बोलावून एक काचेची बरणी त्याच्या हाती ठेवली. आत करड्या रंगाचं काहीतरी बुडबुडत होतं.

"हे आजोबा," साहेब म्हणाले. "माझ्या पावाचं आंबवण. वयाने तुमच्यापेक्षा मोठे आहेत. रोज थोडं काढून टाकायचं आणि तेवढंच ताजं पीठ-पाणी घालायचं. तुमच्याशिवाय कुणावर सोपवू?"

कारकुनाला हेडक्लार्कच्या खुर्चीची गादी आत्तापासूनच बुडाखाली मऊ लागू लागली.

घरी आजोबांची महती ऐकत बायकोने बरणीचं झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला. "साहेबांना स्वतःचे आजोबा नाहीत का?"

"हळू बोल. यांच्यावर माझी बढती आहे."

"आणि रोज चांगलं पीठ फेकून द्यायचं?"

"फेकायचं नाही. काढून टाकायचं."

यातला फरक बायकोला शेवटपर्यंत पटला नाही. कारकून मात्र इमानेइतबारे पीठ घालत होता. साहेबांचा रोज फोन येई. "आजोबा कसे आहेत?" "मजेत आहेत, साहेब. दोन्ही वेळा जेवतात." स्वतःच्या वडिलांची त्याने इतकी चौकशी कधी केली नव्हती.

साहेब परतायच्या आदल्या सकाळी बायकोने तव्यावर काहीतरी गोल, जाळीदार, लुसलुशीत केलं. कारकुनाने एकामागून एक चार खाल्ले.

"हे असं रोज का करत नाहीस?"

"रोज कुठून करू? ती तुमची बरणी वाया चालली होती ना, त्यात केळं कुस्करलं, साखर घातली आणि टाकलं तव्यावर."

कारकुनाचा घास हातातच राहिला. "अगं, ते साहेबांचे आजोबा होते."

"असतील. चार तुम्ही खाल्लेत."

"तळाशी थोडे तरी उरले असतील?"

"बरणी घासून पालथी घातलीय."

नेमका तेव्हाच फोन वाजला. "आजोबा कसे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"छान झाले होते," कारकून म्हणाला आणि त्याने जीभ चावली. "छान आहेत, साहेब."

फोन ठेवून त्याने पोटावरून हात फिरवला; आत आजोबा होते. खुर्ची गेली, उरलेलं आयुष्य पाकिटं चाटण्यात जाणार, हे त्याला स्वच्छ दिसू लागलं. बायकोने त्याच्याकडे पाहून सुस्कारा टाकला, सुपरमार्केटमधून यीस्टची पुडी आणली, बरणीत पीठ-पाण्यात कालवली आणि वासापुरतं चमचाभर व्हिनेगर घातलं. दुपारपर्यंत नवे आजोबा झाकण ढकलू लागले.

साहेबांनी बरणी उजेडात धरली. "फारच टवटवीत दिसतात."

"हवापालट मानवला, साहेब."

पुढच्या सोमवारी पाव आला तो उंच, गुबगुबीत. सुरी लावताच आत गेली. कर्मचाऱ्यांनी सवयीने दाढा आवळल्या आणि दाढेवर दाढ आपटून दोघांच्या जिभा चावल्या गेल्या. मग सगळ्यांनी पुन्हा मागितला. टायपिस्टबाईंनीसुद्धा एक तुकडा चाखून पाहिला आणि दुसरा उचलला. "आज पाव झालाय, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी कारकुनाला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही हे काय करून ठेवलंत?"

कारकुनाने हात जोडले. "साहेब, खरं सांगायचं तर..."

"थांबा. आधी मी सांगतो." साहेब खुर्चीत कोसळले. "माझे सगळे रविवार पीठ मळण्यात गेले. खांदा धरलाय. बायको बोलत नाही. आमच्या घरी सुपरमार्केटचा पाव येतो, मीही तोच खातो. पण तुम्ही सगळे इतकं कौतुक करता, बंद कसं करू? म्हणून आजोबांना तुमच्या हवाली केलं. तुमच्याकडे दिलेली वस्तू आजवर धड परत आली नव्हती. या वेळीच नेमकं बरं लक्ष घातलंत. आता तर बाईसुद्धा मागायला लागल्या."

"साहेब, ते आजोबा खरं म्हणजे..."

"आता खरं बोलून उपयोग नाही, उशीर झाला. हेडक्लार्कची जागा मी बाईंना दिलीय. या ऑफिसात मला दगडाला दगड म्हणणारं तेवढं एकच माणूस भेटलं." त्यांनी बरणी पुढे सरकवली. "तुमच्या हाताला मात्र गुण आहे. यापुढे सोमवारचा पाव तुम्ही आणायचा."

संध्याकाळी कारकून बरणी पोटाशी धरून घरी आला. बायकोने दारातूनच पाहिलं.

"खुर्ची?"

"बाईंना."

"आणि हे?"

"आता कायमचे आपल्याकडेच."

बायकोने बरणी त्याच्या हातातून घेतली, वास घेतला आणि गॅसवर तवा ठेवला.

"किती खाल?"

कारकुनाने बूट काढता काढता क्षणभर विचार केला.

"चार," तो म्हणाला. "आणि येताना यीस्टची पुडी आणलीय. मोठी."