रावांचा पट्टा

आमच्या शेजारचे सेतुमाधवराव पुरुषांशी बोलताना त्यांच्या छातीकडे बघतात आणि बायकांशी बोलताना पंख्याकडे. तोंडाकडे कुणाच्याच नाही. त्यांना पाहिलं की आमचा वॉचमन आपोआप ताठ होतो.

राव तंजावरकडचे मराठी. कितीतरी पिढ्या तमिळ मुलखातच गेलेल्या. आम्ही नाशिकहून चेन्नईला आलो, तेव्हा दारावरचं आडनाव वाचून ते सरळ आत आले. "मराठी लोक कां? बरें झालें!" जुन्या पोथीला कढीपत्त्याची फोडणी द्यावी तशी त्यांची मराठी. बायको गेलेली, मुलगी परदेशात. अंबत्तूरला छोटंसं वर्कशॉप. मुलांच्या पाठीला, पायांना, छातीला लावायचे पट्टे ते तिथे बनवतात.

माझा तेरा वर्षांचा ईशान तेव्हा भर मे महिन्यात जाकीट घालून फिरायचा. लिफ्टमध्ये रावांनी विचारलं, "या उकाड्यांत जाकीट कां, कण्णा?"

"थंडी वाजते."

चेन्नईत! मे महिन्यात! राव नुसतं "सेरी", म्हणजे बरं, म्हणाले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आमच्या पंख्याला विचारलं, "अम्मा, पोराचें छातीचें हाड पुढें येतें आहे काय?"

येत होतं. शाळेत पोरं त्याला 'पुरा' म्हणायची. तमिळमध्ये पुरा म्हणजे कबूतर. त्यानं पोहणं सोडलं होतं, पोक काढून चालायला लागला होता. डॉक्टरांनी तपासलं. ऑपरेशनची गरज नाही, वाढतं वय आहे, पट्ट्यानं हाड हळूहळू आत जाईल, म्हणाले.

"कोवळें हाड," राव खूश होऊन म्हणाले. "प्रेमानें सांगितलें कीं ऐकतें."

हाड ऐकणारं होतं, पोरगा नव्हता. रावांनी बनवून दिलेल्या पट्ट्याला पुढे एक गादी, मागे एक, आणि दोन्ही बाजूंनी आवळायची सोय. जवळजवळ दिवसभर घालायचा आणि झोपतानाही. तिसऱ्याच दिवशी पट्टा मला वॉशिंग मशीनमध्ये चादरींखाली सापडला. मी जो आवाज चढवला, तो भिंतीपलीकडे रावांच्या घरात पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राव दारात उभे. झब्ब्यावरून अगदी तसाच पट्टा आवळलेला.

"आजपासून मी सुद्धां," ते ईशानला म्हणाले. "बघूं, आधीं कोण काढतो."

मग काय विचारता! राव पट्टा घालून बँकेत गेले, देवळात गेले. तिथे त्यांना उचकी लागली, ती प्रदक्षिणा संपेपर्यंत थांबली नाही. पायातली चप्पल निसटली तर वाकता येईना. वॉचमनने धावत येऊन चढवली. संध्याकाळी दोघं आमच्या सोफ्यावर दोन फळ्यांसारखे ताठ बसून एकमेकांना गाऱ्हाणी सांगायचे.

"मामा, काखेत घासतं."

"अय्यो, मला पण तिथेंच! उद्यां कड घासून आणतों."

आणि खरंच आणायचे. आधी स्वतःच्या पट्ट्याची कड घासून दिवसभर घालून बघायचे, मग ईशानची. मी एकदा म्हटलं, "राव, तुमचं हाड काही आता ऐकायचं नाही."

"माझें कोण ऐकतें अम्मा? पण संध्याकाळीं बोलायला कोणी आहे," ते पंख्याला म्हणाले.

महिने गेले. हाड आत गेलं. डॉक्टरांनी पट्टा फक्त रात्रीपुरता ठेवला. जाकीट कपाटात गेलं. ईशानच्या संध्याकाळी मित्रांबरोबर जायला लागल्या, आणि राव आमच्याकडे यायचे जरा कमी झाले.

परवा रविवारी ईशान मित्रांबरोबर बसने चेन्नईजवळच्याच कोवलमच्या किनाऱ्यावर गेला. मी रावांना बळेबळे गाडीत घालून मागून गेले. किनाऱ्यावर होड्यांच्या आडोशाला आम्ही उभे होतो. पोरांनी शर्ट काढून वाळूवर फेकले. ईशान क्षणभर थांबला. मग त्यानेही काढला आणि ओरडत लाटांत घुसला. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"हाक मारू त्याला?" मी विचारलं.

"नको, नको! मित्र विचारतील, हा म्हातारा कोण? मग बिचाऱ्यानें काय सांगावें?" राव म्हणाले. "पट्टा सुटला कीं पोरांनी मला विसरावें, अम्मा. तेंच बरें."

तेवढ्यात पोरं भिजलेल्या अंगानं आमच्याच दिशेनं धावत आली. राव घाईघाईने वळले आणि शेजारच्या मासळीवालीच्या टोपलीपुढे उकिडवे बसले. जन्मात मासा न चाखलेल्या त्या माणसाने एक भलाथोरला मासा शेपटीला धरून उचलला आणि तो ताजा आहे का, हे राव तिला अगदी बारकाईनं विचारत राहिले. पोरं लांब जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.