एक बाटली, तेरवीपुरती

कुरखेड्याजवळच्या एका गावात तळ्यात जाळं टाकून संसार केलेले एक गृहस्थ वारले, आणि त्यांच्या तेरवीच्या पानावर फ्रान्सची पांढरी वाइन ठेवण्याचा निर्णय त्यांच्या मुलीने, दामिनीने, घेतला. निर्णय एकमताने झाला. दुसऱ्या कुणाला तिने विचारलंच नव्हतं.

मयताची जी इच्छा राहून गेली, ती पानावर वाढायची. कावळा शिवला की मग इतरांनी जेवायचं, अशी रीत. वडिलांची इच्छा दामिनीमुळेच राहिली होती. तीन वर्षांपूर्वी तिने फ्रान्समधल्या शाब्ली गावाहून ती बाटली आणली. "आन न वं पोरी, चाखून पाहू," ते म्हणाले होते. तिने त्यांना समजावलं की ती अशी पीत नाहीत. अकरा अंशांपर्यंत गार करावी लागते, निमुळता ग्लास लागतो, आणि मुख्य म्हणजे गडचिरोली हा दारूबंदी जिल्हा आहे. हे ती ज्या ओट्यावर बसून सांगत होती, त्याच्या मागच्याच गल्लीत मोहाची दारू विनापरवाना आणि विनाग्लास मिळत होती. बाटली नागपूरला दामिनीच्या फ्रिजमध्ये राहिली. वडील थांबले तेवढे थांबले.

आता मात्र सारं कायदेशीर व्हायला हवं होतं. ती परवान्याच्या कार्यालयात गेली.

"पिणार कोन?" लिपिक सुरेंद्रभाऊंनी विचारलं.

"माझे वडील."

"त्यायले आना."

"ते वारले."

"मंग पिणार कोन?"

"कावळा."

सुरेंद्रभाऊंनी पेन खाली ठेवलं नाही. त्यांची तीस वर्षांची नोकरी त्यातच दिसत होती. "कावळ्याचा रहिवासी दाखला लागन. आन माल कुठचा, बनवला कोनं, जमीन कोनाची, समदं सविस्तर लिहा, बाई. त्रोटक अर्ज वापस येते."

सविस्तर! दामिनीला आयुष्यात दुसरं आलं काय होतं?

दाखला सोपा गेला. ग्रामपंचायतीने तो जांभळाच्या झाडाच्या पत्त्यावर दिला. अर्ज चार पानी झाला. वाइन करणारे एतिएन व्होदे, त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा. आग्नेयेकडे उतरणारी त्यांची बाग. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचे शिंपले असलेली तिथली चुनखडी. हिवाने कोंब करपू नयेत म्हणून वेलींमध्ये पेटवलेल्या शेकोट्या. लिहिताना तिचे डोळे दोनदा भरून आले. दोन्ही वेळा वेलींसाठी.

बाराव्या दिवशी आदेश आला.

'कै. एतिएन व्होदे, रा. शाब्ली, यांच्या तेरवीनिमित्त केलेला अर्ज विचारात घेण्यात आला. मयत इसमाचे गाव व शेतजमीन या कार्यालयाच्या हद्दीबाहेर असल्याने स्थानिक कावळ्यास त्यांचे पान शिवण्याचा अधिकार पोहोचत नाही. सबब अर्ज निकाली. अर्जदाराच्या दुःखात कार्यालय सहभागी आहे.'

दामिनीने फोन केला. "भाऊ, तो माणूस जिवंत आहे!"

"असन बाई. पन मंग तुमच्या अर्जात दुसरं मेलं कोन हाय, ते दाखवा मले."

तिने चारही पानं चाळली. 'माझे वडील' हे शब्द पहिल्या ओळीत एकदा होते. पुढे पणजोबा सुरू झाले होते, फ्रान्सचे.

तेराव्या दिवशी तिच्या आईने, इंदिराबाईंनी, पळसाच्या द्रोणात मागच्या गल्लीतली मोहाची ओतून पानावर ठेवली. कावळा लगेच शिवला. त्याने दाखलाही दाखवला नाही.

"काय होतं वं त्या बाटलीत असं?" आईने विचारलं.

दामिनीने प्रथमच थोडक्यात उत्तर दिलं. "द्राक्षाची दारू, आई."

"मंग त्यायले एवढंच सांगाचं होतं न. पिशवीत घालून आनली असती, तं पेले असते स्टीलच्या गिलासात."

वाचकांनी दामिनीला हसायला हरकत नाही. बागेच्या मालकाचं नाव एव्हाना तुम्हालाही पाठ झालं असेल. मयताचं मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.

नथ्थू.