झिपरू अस्वलाचा थरथरता ट्रक

एका जंगलात, बाळांनो, नदी होती. पण तिच्यात पाणी नव्हतं. पाणी होतं डोंगरापलीकडच्या तळ्यात. ते आणायचं काम झिपरू अस्वलाकडे होतं. त्याच्याजवळ वीस वर्षांचा जुना ट्रक होता आणि ट्रकवर टाकी बांधलेली होती.

ट्रक असा थरथरायचा, की झिपरू खाली उतरला तरी त्याचे गाल तासभर हलत राहायचे. बोलताना दात वाजायचे. ते पाहून हरिणी पदराने डोळे पुसायच्या. “किती राबतो हो बिचारा!” सिंहमहाराजांनी त्याला दरबारात शाल आणि नारळ दिला होता. नारळ तीनदा हातातून निसटला, तेव्हा तर टाळ्यांचा कडकडाट झाला.

पण ज्याचं दुखणं त्यालाच ठाऊक. झिपरूची कंबर खिळखिळी झाली होती. शेवटी तो साळिंदर मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

“झिपरूभाऊ, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचा वरचा-खालचा भाग एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, पार सैल झालाय. एक दात सरकलाय. इंजिनात वरचा खालच्याला विचारत नाही.”

“म्हणजे आपल्या दरबारासारखं?”

“हळू बोला. बेल्ट तुटला तर इंजिनच बसेल.”

मिस्त्रीने नवा बेल्ट चढवला, खुणेला खूण जुळवली आणि ट्रक चालू केला. मग चहाचा कप इंजिनावर ठेवला. चहा जरासुद्धा हलला नाही. झिपरूला रडूच फुटलं. हसू नका, वीस वर्षं हादरे खाल्लेल्यालाच ते कळतं.

आता ट्रक घाट न थांबता चढू लागला. एका खेपेच्या दोन खेपा झाल्या. पाणी दुप्पट आलं. हरिणी दोनदा आंघोळ करू लागल्या आणि आंघोळ करता करता म्हणू लागल्या, “मेला गाणं गुणगुणत उतरतो! ट्रक चालतो, हा नुसता बसतो.”

महाराजांचा मेहुणा लांडगा. त्याचा त्या कामावर फार दिवसांपासून डोळा होता. त्याने कान भरले, आणि महाराजांनी झिपरूला बोलावलं.

“तू कामात कुचराई करतोस म्हणे.”

“महाराज, पाणी दुप्पट येतंय.”

“पाणी दिसतं रे. कष्ट दिसत नाहीत. उद्याही असाच टवटवीत दिसलास, तर काम लांडग्याला.”

झिपरूच्या घरी चार पिल्लं होती. तो धावत मिस्त्रीकडे गेला. “तो दात पुन्हा सरकवा!”

साळिंदराचे सगळे काटे उभे राहिले. “केलेलं काम मी बिघडवणार नाही. हलायचंच असेल, तर तुम्ही हला.”

रात्रभर झिपरू आरशासमोर हलला.

दुसऱ्या दिवशी ट्रक लोण्यासारखा आला. पण झिपरू उतरला तो गदगदा हलत, दात वाजवत, झाडाला धरून. हरिणींनी हंबरडा फोडला. महाराज गहिवरले. म्हणाले, “अशाने मरेल हा! आजपासून याला एकच खेप.”

तेव्हापासून जंगलात पाणी निम्मंच येतं. झिपरू दुपारभर तळ्याकाठी झोपतो. सगळे म्हणतात, असा राबणारा गडी मिळायचा नाही.

तात्पर्य : इंजिन थरथरत असेल तर बेल्ट जरूर बदलावा. थरथर मात्र मालकाने स्वतःकडे ठेवून घ्यावी.