टॉवेलखालचा कंट्रोलर

माळ्यावरचं एक खोकं खाली काढायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यासाठी स्टूल लागलं, स्टूल धरायला बायको लागली, आणि "पडलात तर एका घरात दोन पेशंट मला झेपणार नाहीत," हेही ऐकून घ्यावं लागलं. (नुसता पडलो असतो तर स्वस्तात सुटलो असतो. पण तेवढं माझं नशीब कुठलं!)

खोक्यात माझ्या लहानपणचा व्हिडिओ गेम होता. टीव्हीला जोडायचा डबा, दोन कंट्रोलर आणि एकुलती एक कॅसेट.

तो काढायचं कारण म्हणजे बाबांचा अंगठा. दोन महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं हळू झालं पण राहिलं. उजवा अंगठा मात्र बसला तो बसलाच. आता बाबा घड्याळं दुरुस्त करणारे. चाळीस वर्षं अंगठा आणि तर्जनीत चिमटा धरून जगलेला माणूस. त्या दिवसापासून दुकानाचं शटर खाली होतं, आणि आतली भिंतीवरची घड्याळं एकेक करून बंद पडत चालली होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, "सहा आठवडे अंगठ्याला रोज अर्धा तास काम द्या. मग मोजून सांगते, चिमटा धरता येईल की नाही ते." त्यांनी व्यायामाच्या नोंदींसाठी एक वही आणि एक रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला.

म्हटलं, चेंडू नको तर बटणं दाबू देत.

शिवाय या विषयात घरातला तज्ज्ञ मीच. अकराव्या वर्षी मी हा गेम पूर्ण केला होता. आठच्या आठ लेव्हल! आयुष्यात मी धड पूर्ण केलेली ही एकच गोष्ट. लग्न ठरवायला गेलो तेव्हा "छंद काय?" या प्रश्नाला मी हेच उत्तर दिलं होतं. (बायको म्हणते, तिने होकार कीव येऊन दिला.)

गेममध्ये एक बुटका माणूस कंदील घेऊन किल्ल्यातून जातो. आम्ही त्याला बुटक्या म्हणायचो. त्याला तीन जीव असतात आणि ते बघता बघता संपतात. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात कारकून आहे, दिवसभर माणसांचे मृत्यू वहीत लिहितो, तरी पहिल्या संध्याकाळी बाबांनी बुटक्याला ज्या वेगाने मारलं तो वेग मला आमच्या खात्यातही दिसला नव्हता. खड्डा आला की बाबांचा अंगठा बटणाकडे निघायचा, आणि तो पोचेपर्यंत बुटक्या खड्ड्यात. चाळीस वेळा. बाबा नुसते अंगठ्याकडे बघत राहिले, एखादं दुरुस्त न होणारं घड्याळ बघावं तसे.

ते मला बघवेना. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कंट्रोलर जोडले तर काय, दोन्हींनी एकच बुटक्या हलत होता! लहानपणी दुसरा कंट्रोलर कायम 'दुरुस्तीला' असायचा, त्यामुळे मला हे ठाऊकच नव्हतं. म्हटलं, जुने गेम असेच असणार. (जे चाललंय त्याला 'का' म्हणून विचारायचं नाही, हा आमच्या खात्याचा नियम.)

झालं. बाबा पुढे आरामखुर्चीत. मी मागे खुर्चीवर, मांडीवर टॉवेल, टॉवेलखाली दुसरा कंट्रोलर. टॉवेलची युक्ती बाबांचीच. मी अकरा वर्षांचा असताना ते असेच टॉवेल पसरून माझ्या मागे बसायचे, मांडीवर घड्याळ उघडून, बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून.

खड्डा आला की मी बटण दाबायचो. बुटक्या पार!

"बाबा, जमलं की!" मी ओरडायचो.

बाबा मागे वळून माझ्याकडे जरा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "हो. जमलं."

टीव्हीचा आवाज बंद ठेवायचो. तीही लहानपणची सवय. त्या वर्षी आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. मी गेम पूर्ण केला, धावत आत जाऊन तिला सांगितलं, ती हसली. पुढच्या आठवड्यात ती गेली. तिचं हसणं आठवायचं म्हटलं तर मला तेवढं एकच आठवतं.

तर तिसरी लेव्हल आली. तिथल्या पुलावर मी बाबांना माझा सिद्धान्त ऐकवला. "बाबा, गेम अवघड असावा, पण न्यायाने. खड्डा दिसतो, आपण पडतो, चूक आपली. हा न्याय. आणि इथे पुलाच्या मध्यावर पाठीमागून वटवाघूळ येतं. दिसत नाही, कळत नाही, येतं आणि ढकलतं. हा शुद्ध अन्याय! तुमचा झटका असाच आला. ना व्यसन, ना काही."

बाबांनी डाव्या हाताने उजवा अंगठा चोळला.

सहा आठवड्यांत आम्ही आठव्या लेव्हलला पोचलो. बायको एकदाच म्हणाली, "अहो, अंगठा कुणाचा बरा करायचाय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझा स्वतःचा अंगठा तोवर सुजून टम्म झाला होता, ऑफिसात शिक्का उचलवेना.

तपासणीच्या दिवशी बाईंनी बाबांच्या चिमटीत एक छोटं यंत्र दिलं. त्यावर काटा होता. "दाबा, काका." बाबांनी दाबलं. कपाळावर घाम आला. काटा हलला नाही. आयुष्यभर थांबलेले काटे चालवणारा माणूस त्या काट्याकडे बघत बसला.

"रोज अर्धा तास करताय ना?" बाईंनी विचारलं आणि त्यांची नजर माझ्या पट्टी बांधलेल्या अंगठ्यावर गेली. "हे काय?"

"शिक्के मारून मारून..."

"बघू." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी अंगठा दाबला, मी कळवळलो. "शिक्क्याने असं होत नाही. व्यायाम तुमचा झालाय." मग त्या हळू आवाजात बोलल्या, "आणखी सहा आठवडे बघू. त्यानंतर जे आहे ते आहे, असं धरून चाला."

बाबांचे सहा आठवडे मी चोरले होते. परतीच्या वाटेवर बंद शटरसमोरून जाताना मला मान वर करवली नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "टॉवेल काढ."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. माझा अंगठा निघायच्या आधी बुटक्या हवेत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतका खूश होतास. वाटलं, दोन दिवस करशील, सोडशील. आणि कोणत्या तोंडाने बोलू? दोन कंट्रोलरांवर एकच माणूस कसा काय हलतो, असं तुला कधी वाटलं नाही?"

"जुने गेम असेच..."

"जुने गेम तसे नसतात. डबा उघडून मी जोडलं होतं ते. वायर सतरंजीखालून घेतली होती. तू पुलावर कायम मरायचास. तिथून पुढे सगळा मी."

"आठव्या लेव्हलपर्यंत?"

"तुझी आई रोज आतून विचारायची, 'जिंकला का तो?' दिवस फार उरले नव्हते. तुझ्या भरवशावर राहिलो असतो तर वर्ष गेलं असतं."

आयुष्यात पूर्ण केलेली एकुलती एक गोष्ट, तीही दुसऱ्याने केलेली! स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

मला रडू येत होतं, म्हणून मी भांडलो. "म्हणजे तुम्ही केलं ते चालतं आणि मी केलं तो गुन्हा?"

"तिला बातमी हवी होती," बाबा म्हणाले. "मला अंगठा हवाय."

"निदान वटवाघूळ तरी अन्याय आहे म्हणा," मी म्हटलं.

"आवाज लाव. शेवटचं एकदा, दोघं मिळून."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्या गेमला आवाज मिळाला. पुलाच्या मध्यावर बाबांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. "ऐक." टिक. बारीकशी, सेकंदकाट्याएवढी. पाठोपाठ वटवाघूळ.

"ते सांगून येतं," बाबा म्हणाले. "जोडणी तपासताना ऐकलं होतं मी. आवाज आपणच बंद केला होता." मग अंगठ्याकडे बघत म्हणाले, "झटक्याआधी मलाही महिनाभर मुंग्या येत होत्या. कुणाला बोललो नाही."

त्याच संध्याकाळी डबा उघडला. बाबांनी वायर दाखवली, मी कापली. मग ते एकटे बसले. पहिला खड्डा, बुटक्या खलास.

"हा मी मेलो," बाबा समाधानाने म्हणाले आणि पुन्हा सुरू केलं.

चार आठवडे ते रोज स्वतःचे स्वतः मरत होते. पाचव्या आठवड्यात पहिला खड्डा ओलांडला. मी टाळी वाजवली तर म्हणाले, "टाळ्या पुरे. आता तू खेळ. एकटा."

तीस वर्षांपूर्वीचा विजेता बसला. आवाज चालू, उजेड भरपूर, बायको मुद्दाम हात पुसून बघायला आलेली. खड्डा स्पष्ट दिसत होता. अगदी न्यायाने आला.

मागे काहीतरी खरखरलं म्हणून वळून पाहिलं. बाईंनी दिलेली व्यायामाची वही बाबांच्या मांडीवर होती, आजवर बायको लिहायची ती. बाबांच्या उजव्या चिमटीत पेन्सिल होती. अंगठा पांढरा पडला होता, पण पेन्सिल सुटत नव्हती. बायको डोळ्यांना पदर लावून उभी होती. पाच मिनिटं लागली त्यांना. झटक्यानंतर बाबांनी उजव्या हाताने लिहिलेली ती पहिली ओळ, वाकडीतिकडी पण स्वच्छ वाचता येणारी:

"मुलगा. पहिली लेव्हल. अकरा सेकंदांत मृत्यू."

अशा नोंदी तपासणं हेच माझं काम. नोंद अचूक होती.