शिवबाईच्या पायाखालची चटई

“आता मी सांगतो ते तुमी खरं मानणार न्हाय. सोलापुरात कुणीच मानत न्हाय. पर पुढ्यात अन्न हाय म्हणून सांगतो, एक अक्षर खोटं न्हाय.”

आप्पांनी अशी सुरुवात केली की ओट्यामागे शिवबाई ओळखायची, आता पुढच्या वीस भाकऱ्या आपलीच गोष्ट ऐकत थापायच्या. आप्पा म्हणजे खानावळीचे मालक चन्नवीर यांचे मामा. गिरणीतली जॉबरकी, म्हणजे मुकादमी, संपल्यापासून ते गल्ल्याशेजारी घोंगडी टाकून बसत आणि नवं गिऱ्हाईक दिसलं की गोष्ट काढत. सगळ्यात जास्त चालणारी गोष्ट शिवबाईच्या पायांची. पाय तिचे, तोंड आप्पांचं.

आज समोर केमहून रेल्वेनं आलेला एक पाहुणा होता. त्यानं शेंगाचटणीत तेल कालवलं आणि कान दिला.

“ही बाई पूर्वी चुलीपुढं बसून भाकरी करायची. दिवसाला हजार.”

अडीचशे, शिवबाई मनात म्हणाली. पण बसून, हे खरं होतं. एक पाय मुडपायचा, एक लांब सोडायचा, काठवट पुढ्यात ओढायची, की दुपार कशी सरायची ते कळायचं नाही. मग चन्नवीर एका लग्नाला पुण्याला गेले. तिथं त्यांनी कमरेएवढा ओटा पाहिला आणि त्याच्यापुढं उभ्यानं स्वयंपाक करणारी बाई पाहिली. परत आले ते ओटा डोक्यात घेऊनच.

“बसून सैपाक म्हंजे मागासलेपणा, शिवबाई. पुण्यात समद्या बाया उभ्या ऱ्हातात.”

पुण्यातली ती बाई चार माणसांच्या पोळ्यांपुरती उभी राहते की शंभर जणांच्या भाकऱ्यांना, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. महिन्याभरात ओटा झाला. शिवबाई शहाबादी फरशीवर उभी राहिली ती दुपारची शेवटची पंगत उठेपर्यंत. स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत, तेव्हा अनवाणीच. संक्रांतीपर्यंत तिचे पाय चहात पडलेल्या पावासारखे झाले. मग ती मध्येच मटकन खाली बसू लागली. ती बसली की पंगतीत भाकरी थांबे, आणि भाकरी थांबली की चन्नवीर ओट्याशी येत.

“उभं ऱ्हायला जमत नसंल तर सांगा. कुंभारी गावची ईरम्मा यायला तयार हाय. तरणी हाय ती.”

“चुलीपुढं बसू का मालक परत?”

“आन् ओटा काय पूजेला बांधलाय?”

“तवा मी मधी पडलो,” आप्पा पाहुण्याला सांगत होते. “म्हटलं, चन्नवीर, बाई बदलू नगंस. जमीन बदल. पायाखाली कायतरी मऊ घाल की.”

हेही खरं होतं. आप्पांच्या गोष्टीत खरं बरंच असायचं, म्हणूनच तर ती पचायची.

“पयलं घातलं ज्वारीचं रिकामं पोतं, चौघडी करून. ओट्यावरनं पाणी सांडायचं, पोतं प्यायचं. आठ दिवसांनी बघतो तर काय, पोत्यातनं ज्वारी उगवलेली. बाईच्या गुडघ्याएवढी. कणसं धरली. आमी हितंच बसून हुरडा खाल्ला.”

दोन कोंब आले होते, बोटाएवढे. शिवबाईनं ते उपटले नाहीत, ती कडेला सरकून उभी राहायची. पोतं वास मारायला लागलं तेव्हा चन्नवीरांनी ते कोंबांसकट फेकलं.

“मग काथ्याचं पायपुसणं. ते टोचायचं. मग मी म्हटलं, सोलापुरात ऱ्हातो आन् चादर कशी सुचली न्हाय? जुनी चादर आणून दुहेरी घातली. ओल्या फरशीवर ती चादर अशी सटकली, अशी सटकली, की बाई हितनं निघाली ती थेट दाराबाहेर. पर हातातली भाकरी? बरोब्बर गिऱ्हाइकाच्या ताटात. गरम. ते म्हणतंय, आणखी एक अशीच टाका.”

पाहुणा हसता हसता ठसकला. त्याला पाणी दिलं गेलं. शिवबाईनं भाकरी उलटली. ती स्वतः घसरली होती हातभर, आणि कोपर ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं होतं. थंडीत तो हात अजून खांद्यावर जात नाही. गोष्टीत तेवढं कोपर कधी आलं नाही.

“शेवटी मीच गेलो भंगारबाजारात. एका गिरणीतनं निघालेली रबरी चटई सापडली. दीड बोट जाड. भोकंभोकंवाली, म्हंजे पाणी खाली आन् पाय कोरडा. बाई तिच्यावर उभी ऱ्हायली आन् रडाय लागली.”

रडली नव्हती. नुसती तवा तापायच्या आधीच येऊन उभी राहिली होती, भाकरी नसतानाही. त्या दिवशी ती एकदाही खाली बसली नाही. तो एकच दिवस.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पा जेवायला आले. कापडाचे व्यापारी, रोजचं गिऱ्हाईक. मीठ मागायला ओट्यापर्यंत आले आणि खाली बघत राहिले.

“चन्नवीर, हे बरं हाय. आमी लाकडी पाटावर बूड झिजवायचं, आन् भाकरीवाली गादीवर उभी?”

चन्नवीर वरमले. घरात मऊ काही असलं तर ते आधी पाहुण्याला, हे त्यांचं बाळकडू. चटई उचलली, धुतली, मल्लप्पांच्या पाटावर घातली. मग दुसऱ्यानं विचारलं, मल्लप्पांना काय सोनं लागलंय? पंगतीत कोण चटईवर बसणार यावरून आमटी निवेपर्यंत वाद होऊ लागले. एकदा दोघं एकाच वेळी बसले आणि कुणीच उठेना. शेवटी, भांडण नको म्हणून, चन्नवीर स्वतःच चटईवर बसले.

“आन् मग श्रावणात मठातले अय्या, म्हंजे आमचे स्वामी, जेवाय आले,” आप्पांनी आवाज खाली आणला. “त्यांना काय पाटावर बसवायचं? चटईवर शाल टाकली. अय्या बसले, जेवले, आशीर्वाद देऊन गेले. झालं. चटईचं आसन झालं.”

तेही खरंच. शिवबाईनं धीर करून विचारलं होतं, “मालक, आता तरी घालू का पायाखाली?” चन्नवीरांनी कानांना हात लावले होते. “अय्या बसले तितं पाय ठेवता? पाया पडा आधी.” ती वाकली होती आणि पाया पडली होती. पाय फरशीवरच होते.

आप्पांनी घोंगडीवर मांडी बदलली. गोष्टीचा शेवट आला की ते अशी मांडी बदलत.

“पुढल्या सोमवारी अय्या परत आले. आसनावर बसले, डोळे मिटले आन् म्हणाले, ह्या आसनातनं मला कुणाचे तरी पाय ठणकताना ऐकू येतात. उठले. चटई सोता खांद्यावर घेतली, ओट्यामागं नेली, आन् बाईच्या पायाखाली अंथरली. आज तीन म्हयने झाले, बाई तिच्यावरच उभी हाय. पाय म्हणाल तर सोळा वर्साच्या पोरीचे. ओटा आड येतोय, न्हाईतर दाखवले असते.”

पाहुण्यानं घास हातात तसाच धरला आणि ओट्याकडं मान लांब केली. “खरं की काय, मावशी?”

हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारायचं, आणि शिवबाई दर वेळी मान डोलवायची. मान डोलवणं कामातच मोडत होतं. पण काल चन्नवीर ओट्याशी आले होते आणि शिवबाई खाली बसलेली त्यांना दिसली होती. उद्यापासून तिच्या जागी कुंभारीची ईरम्मा येणार होती.

तिनं भाकरी तव्यावरून काढली, आचेवर फुगवली आणि टोपलीत ठेवली.

“पोत्यात ज्वारी उगवली, ते खरं,” ती म्हणाली. “मी घसरले, ते पण खरं. अय्या पुन्यांदा आलेच न्हाईत.”

आप्पा मोठ्यानं हसले. “बाई मस्करी करती.”

“आप्पा, घोंगडी उचला.”

आप्पा हलले नाहीत. पाहुणा मात्र ताटावरून वाकला. घोंगडीच्या कडेतून काळं रबर बाहेर आलं होतं, दीड बोट जाड, भोकंभोकंवालं.

“अवो,” पाहुणा म्हणाला, “ती तर तुमच्याच बुडाखाली हाय की.”

“वडीलधाऱ्यानं बसलं तर चालतंय,” आप्पा पुटपुटले. “आसन रिकामं ठिवू न्हाय.”

शिवबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि ती ओट्यामागून बाहेर आली. गिऱ्हाइकांनी पहिल्यांदाच तिचे पाय पाहिले.

“उठा आप्पा. उद्या ईरम्मा येणार. तिच्या पायाखाली तरी घालते.”